वैशाखातील दौड

वैशाखाचे दिवस असतात. पुण्याच्या पश्चिमेस चांदणी चौक ओलांडून मुळशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अजून पुरते उजाडलेले नसते. भूगाव, पिरंगुट, पौड ही गावे नुकती कोठे जागी होत असतात. अशा वेळी मागून एक घुमणारा आवाज येतो आणि पाहता पाहता दहा-बारा मोटारसायकली एकामागून एक पुढे निघून जातात. त्यांवरील तरुण-तरुणींच्या अंगात जाड अंगरखे, हातांत मोजे, पायांत घोट्यांवर येणारे बूट आणि डोक्यावर हेल्मेट असते. शेताच्या बांधावर उभा असलेला एखादा शेतकरी त्यांच्याकडे पाहतो आणि मनाशी म्हणतो, "एवढ्या उन्हाळ्याचे हे इतके कपडे कशाला? आणि कोंबडा आरवायच्या आत निघण्याची ही घाई तरी कशाची?"

ह्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, आणि ते अजून डोंगराआड आहे. ते म्हणजे ऊन.

मुळशीचा हा रस्ता मोठा देखणा आहे. ज्या धरणाच्या विरोधात १९२१ पासून मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि ज्याच्याशी सेनापती बापट यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या धरणाच्या जलाशयाला वळसा घालीत तो पुढे जातो. मग ताम्हिणीचा घाट लागतो. घाट उतरला की रस्ता विळे, निजामपूर ही गावे मागे टाकून माणगावाजवळ मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. पावसाळ्यात हाच घाट धबधब्यांनी आणि धुक्याने भरून जातो. वैशाखात मात्र त्याचे कडे तापलेल्या तव्यासारखे होतात. म्हणूनच दूरचा पल्ला गाठणारा जाणता स्वार पहाटे निघतो, दुपारी सावली धरतो आणि उन्हे कलली की पुन्हा वाटेला लागतो.

ही मंडळी हौसेने हिंडणारी. परंतु हाच प्रवास जेव्हा स्पर्धेचे रूप घेतो, तेव्हा त्याला रॅली म्हणतात. शर्यतीच्या गोल रस्त्यावर एकाच ठिकाणी फेऱ्या मारणे निराळे आणि रॅली निराळी. रॅलीमध्ये डोंगर, वाळवंट, खडक, नदीपात्र ओलांडीत दिवसामागून दिवस शेकडो किलोमीटर जावे लागते. कोठे वळावे, कोठे जपावे ह्याच्या खुणा नोंदलेली मार्गपत्रिका सोबत असते. ती धावत्या गाडीवर वाचावयाची आणि वाट शोधावयाची. येथे वेगाइतकीच शुद्ध मती लागते.

अशा रॅलींमध्ये सर्वांत कठीण मानली जाणारी रॅली म्हणजे डाकार. तिचा जन्मच वाळवंटात वाट चुकण्यातून झाला. १९७७ साली आबिजान ते नीस ह्या रॅलीत तिएरी साबीन नावाचा एक फ्रेंच तरुण आपल्या मोटारसायकलसह लिबियाच्या वाळवंटात हरवला. शोध घेणाऱ्यांनी त्याला वेळीच गाठले, म्हणून तो वाचला. दुसरा कोणी असता, तर त्याने वाळवंटाचे नाव टाकले असते. साबीनने मात्र इतरांनाही ते वाळवंट दाखवावयाचे ठरविले. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून पहिली रॅली निघाली आणि सहारा ओलांडून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील डाकार ह्या शहरी पोहोचली. पुढे २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत आणि २०२० पासून सौदी अरेबियात भरू लागली. नाव मात्र डाकारच राहिले.

दोन चाकांवरून दूरदेशी जाण्याची ओढ महाराष्ट्रालाही जुनीच आहे. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईहून सहा तरुण सायकलींवरून जगाच्या प्रवासाला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून मार्च १९२८ मध्ये परत आले. वाटेत इराक आणि सीरियाचे वाळवंट त्यांनी सायकलीवरूनच पार केले. त्यांच्या वाहनाला इंजिन नव्हते, आजच्या स्वाराच्या वाहनाला आहे. परंतु तापलेल्या वाळूत त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा होता, तोच आजच्या स्वारापुढेही आहे. तो प्रश्न यंत्राचा नसून शरीराचा आहे.

मनुष्याच्या शरीराची उष्णता सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. बाहेर हिमालयाची थंडी असो की चंद्रपूरचा उन्हाळा, शरीर हे माप सांभाळण्यासाठी अहोरात्र धडपडत असते. उन्हाळ्यात त्याचे मोठे साधन म्हणजे घाम. घाम येणे पुरेसे नसते. तो वाळला पाहिजे. पाण्याची वाफ होताना ती उष्णता ओढून घेते. मातीच्या माठाची गोष्ट हीच नव्हे काय? माठाच्या अंगातून पाणी पाझरते, बाहेर वाळते आणि आतले पाणी गार होते. माठाला बाहेरून तेलरंग लावला, तर तो दिसेल सुरेख, पण त्यातले पाणी गार होणार नाही. मनुष्य हाही एक चालताबोलता माठच आहे.

आता मोटारसायकलवर बसलेल्या मनुष्याचा विचार करावा. समोरून वारा सुसाट येत असतो. वारा म्हणजे गारवा, असे मनाला लहानपणापासून ठाऊक असते. येथेच फसगत होते. त्वचेची उष्णता साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल, तोवर वारा अंगाची उष्णता वाहून नेतो. पण हवा ४२ किंवा ४४ अंशांवर गेली, की तोच वारा उलट उष्णता आणून अंगावर ओततो. भट्टीच्या तोंडाशी उभे राहून पंखा लावावा, तसा तो प्रकार होतो. मग जितका वेग अधिक, तितका ताप अधिक.

मौज अशी, की स्वाराच्या मांड्यांमधील इंजिनाला हा वारा चांगला मानवतो. इंजिन शंभर अंशांहून कितीतरी अधिक तापलेले असते. त्याच्या दृष्टीने ४४ अंशांची हवा थंडच. त्याच्या अंगावरच्या धातूच्या पातळ पट्ट्यांमधून वारा वाहतो आणि इंजिन निवते. त्यामुळे गाडी कुरकुर न करता धावत राहते आणि स्वाराला वाटते, सारे ठीक चालले आहे. प्रत्यक्षात एकाच वाऱ्याने यंत्र निवत असते आणि मनुष्य तापत असतो.

दुसरी फसगत घामाची. कोरड्या, उष्ण वाऱ्यात घाम त्वचेवर येताच वाळून जातो. अंग कोरडे राहते, कपडे भिजत नाहीत. म्हणून स्वार समजतो, आपल्याला घाम येतच नाही. पण उन्हात कष्टणाऱ्या शरीरातून तासाभरात एक लिटरपर्यंत, कधी त्याहूनही अधिक पाणी निघून जाते. चोर चोरी करून जातो आणि घरधन्याला पत्ताही लागत नाही, अशातली ही गत आहे.

ताम्हिणीचा घाट ह्या बाबतीत मोठा शिक्षक आहे. घाटाच्या वर देशावरची हवा कोरडी. तेथे घाम चटकन वाळतो आणि पाणी नकळत संपते. घाट उतरून कोकणात पाऊल टाकले, की हवा दमट होते. तेथे उष्णतामापकातील पारा देशावरच्यापेक्षा खाली असला, तरी जीव अधिक घाबरा होतो. कारण हवेतच बाष्प भरलेले असल्यामुळे घाम वाळत नाही, नुसता निथळत राहतो. एका बाजूला पाणी हरवण्याची भीती, तर दुसऱ्या बाजूला उष्णता अंगातच कोंडण्याची. दोन-तीन तासांच्या अंतरात स्वाराला दोन निराळ्या शत्रूंची गाठ पडते, आणि दोघांचे नाव मात्र एकच, उन्हाळा.

आता बांधावरच्या शेतकऱ्याच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. इतके जाड कपडे कशाला? त्यांचे पहिले काम पडल्यावर हाडे-कातडी वाचविण्याचे. ते तर खरेच. पण उन्हातही ते उपयोगी पडतात. उघड्या अंगावर ऊन आणि तप्त वारा थेट आदळतो. झाकलेल्या अंगावर तो आदळत नाही आणि घाम सावकाश वाळतो. अरबस्तानातील उंटवाला डोक्यापासून पायापर्यंत सैल वस्त्र पांघरतो ते उगीच नव्हे. मुळशीच्या डोंगरातला धनगरही भर उन्हात डोके उघडे टाकीत नाही. अनुभवी स्वार आतील सुती सदरा पाण्याने भिजवितो, मानेभोवती ओला पंचा गुंडाळतो आणि वरून अंगरखा चढवितो. मग थोडाच वारा आत शिरतो आणि आतला सदरा माठासारखे काम करतो. देशावरच्या कोरड्या हवेत ही युक्ती फार गुणकारी ठरते. कोकणच्या दमट हवेत तिचा गुण कमी येतो. तेथे सावली आणि विसावा हेच खरे औषध.

पाण्याचेही एक शास्त्र आहे. तहान लागेपर्यंत थांबू नये आणि एकदम तांब्याभर पाणी घशाखाली लोटूही नये. घोट घोट, पण नियमाने प्यावे. डाकारच्या रॅलीत प्रत्येक मोटारसायकलस्वाराला पाठीवरच्या पिशवीत किमान ३ लिटर पाणी बाळगावेच लागते. त्या पिशवीची नळी तोंडाशी आलेली असते. पूर्वी लांबच्या वाटेवर चालणारे लोक खांद्यावर छागल अडकवीत, तिचाच हा नवा अवतार. शिवाय घामाबरोबर मीठही जाते. नुसतेच पाणी पीत राहिल्यास रक्तातील मिठाचे प्रमाण घटते आणि पायांत गोळे येतात, डोके गरगरते. आजीने दिलेले मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, कोकमाचे सरबत ह्यांत पाणी, मीठ आणि बहुधा थोडी साखरही असते. लांबच्या वाटेवर तोच उपाय कामी येतो.

परंतु उन्हाचा सर्वांत मोठा घाव शरीराच्या आधी विचारशक्तीवर बसतो. अंग तापू लागले, की डोके दुखते, मळमळते, चिडचिड होते. नंतर मनुष्य सोपी गोष्टही चुकतो. वळण कोठे घ्यावे हे सुचत नाही, पाणी प्यावयाचे राहून जाते आणि थांबावे हे उमगत नाही. ज्या शक्तीने धोका ओळखावयाचा, तीच शक्ती ऊन प्रथम हिरावून नेते. म्हणून 'त्रास झाला की थांबू' असे म्हणणारा स्वार बहुधा थांबतच नाही. थांबण्याची वेळ आधीच, डोके थंड असताना ठरवून ठेवावी लागते.

जानेवारी २०१५ मधील डाकार रॅली ही ह्याची साक्ष आहे. त्या वर्षी ती अर्जेंटिना, चिली व बोलिव्हिया ह्या देशांतून गेली. पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात जानेवारी हा भर उन्हाळ्याचा महिना असतो. बंगळूरचे सी. एस. संतोष हे ह्या रॅलीत मोटारसायकल चालविणारे पहिले भारतीय. दोनच वर्षांपूर्वी, २०१३ साली, अबुधाबीच्या वाळवंटातील एका स्पर्धेत त्यांच्या मोटारसायकलने पेट घेतला होता आणि त्यांची मान भाजली होती. त्या दुखण्यातून उठून ते येथे आले होते.

रॅलीच्या तिसऱ्या दिवशी, ६ जानेवारीला, सान हुआन ते चिलेसितो ह्या टप्प्यावर पोलंडचा मिखाऊ हेर्निक हा स्वार दिसेनासा झाला. शोधपथकाला तो मार्गापासून थोड्याच अंतरावर मृतावस्थेत आढळला. त्याच्या अंगावर अपघाताच्या खुणा नव्हत्या. अतिउष्णता आणि शरीरातील पाणी आटणे ह्यांनी त्याचा बळी घेतला, असे पुढे शवपरीक्षेच्या आधारे प्रसिद्ध झाले. तो खडकावर आपटला नव्हता, दरीत कोसळला नव्हता. तो दुबळा किंवा अडाणीही नव्हता. डाकारला जाण्याइतका तो कसलेला होता. उन्हापुढे कसलेल्या मनुष्याचाही मुलाहिजा नसतो, एवढेच त्यातून दिसते.

संतोष मात्र टप्प्यामागून टप्पा पार करीत राहिले. कित्येक नामांकित स्वार वाटेत गळाले. १७ जानेवारीला रॅली ब्वेनोस आयरेस येथे संपली, तेव्हा संतोष मोटारसायकलस्वारांत ३६ वे आले. छत्तिसावा क्रमांक ऐकून एखादा नाक मुरडील. पण जेथे शेवटास पोहोचणे हाच पराक्रम, तेथे ह्या क्रमांकाची किंमत निराळ्या मापाने करावी लागते. पुढे २०२४ साली केरळचे हरित नोआ ह्यांनी ह्याच रॅलीत 'रॅली-टू' गटात पहिला क्रमांक मिळविला, त्याआधीची पायवाट संतोष ह्यांनी तुडविलेली होती.

रॅली भरविणाऱ्यांनीही उन्हाचा मान राखण्यासाठी नियम घातलेले आहेत. लांब टप्प्यात मध्ये पेट्रोल भरण्याचा थांबा येतो. तेथे मोटारसायकलस्वाराला किमान १५ मिनिटे थांबावेच लागते. तो वेळ त्याच्या खात्यात मोजला जात नाही. टाकी दोन मिनिटांत भरते. उरलेला वेळ मनुष्यासाठी असतो. जिंकण्याच्या ईर्ष्येने पेटलेला स्वार आपणहून थांबणार नाही, हे ओळखूनच हा विसावा सक्तीचा केलेला आहे. जानेवारी २०१६ मध्ये तर अर्जेंटिनातील बेलेन येथील टप्पा प्रचंड उष्म्यामुळे मोटारसायकलस्वारांसाठी मधल्याच तपासणी-नाक्यावर थांबविण्यात आला. जगातील सर्वांत कठीण म्हणविणाऱ्या रॅलीनेही त्या दिवशी उन्हापुढे माघार घेतली. त्यामुळे तिची प्रतिष्ठा तसूभरही कमी झाली नाही.

मुळशीच्या वाटेवर जाणाऱ्या हौशी मंडळींना असे नियम कोणी घालून देत नाही. ते त्यांनाच घालून घ्यावे लागतात. चांगल्या चमूमध्ये सर्वांत पुढे एक आणि सर्वांत मागे एक असे जाणते स्वार असतात. नवखे मध्ये असतात. तासाभराने सारे थांबतात, मग कोणी थकलेला असो वा नसो. थांबल्यावर एकमेकांचे चेहरे पाहतात. एरवी बडबड करणारा गप्प झाला, विचारलेल्याचे उत्तर भलतेच देऊ लागला, उभ्या उभ्या झोकांड्या खाऊ लागला, तर तो थकवा नव्हे, उष्माघाताची चाहूल होय. मग त्याला तत्काळ सावलीत न्यावे, हेल्मेट व अंगरखा उतरवावा, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, मान आणि काखा ह्यांवर ओल्या घड्या ठेवाव्यात आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात मात्र पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. अशा वेळी 'अजून थोडेच अंतर राहिले आहे' हे वाक्य फार घातक. ते थोडे अंतरच जिवावर बेतते.

मुळशीच्या शेतकऱ्याला हे सारे पुस्तकातून शिकावे लागले नाही. वैशाखात त्याची राब भाजण्याची लगबग असते. भाताच्या रोपांसाठी जमीन तयार करावयाची असते. एकीकडे आग आणि डोक्यावर ऊन! तो ते काम सकाळच्या गारव्यात उरकतो, माध्यान्ही आंब्याच्या सावलीत टेकतो, भाकरीवर कांदा फोडतो, मडक्यातले पाणी पितो आणि तिसऱ्या प्रहरी पुन्हा उठतो. दुपारी तो पडून राहिला म्हणून त्याला कोणी आळशी म्हणत नाही. उन्हाशी भांडण करून शेती होत नाही, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्यांनी शिकविलेले असते.

साहस म्हणजे संकटाकडे डोळे मिटून धावणे, अशी एक समजूत तरुण वयात असते. तिच्यात उमदेपणा असतो, पण डोळसपणा नसतो. आपल्या गाडीच्या टाकीत किती पेट्रोल उरले आहे, हे पाहण्यात कोणत्याही स्वाराला कमीपणा वाटत नाही. मग आपल्या अंगातले पाणी किती उरले आहे, हे पाहण्यात कमीपणा का वाटावा? ज्याला आपली मर्यादा कळते, तोच पुष्कळ दूर जातो. कारण तो उद्याही निघू शकतो.

आपल्याकडे चैत्र-वैशाखात रस्त्याच्या कडेला पाणपोई घालण्याची जुनी चाल आहे. झाडाखाली दोन रांजण, वर ओले फडके आणि झाकणावर पालथा घातलेला पेला, एवढाच तिचा पसारा. तेथे पाणी पिणाऱ्याला कोणी त्याची जात, गाव किंवा वेग विचारीत नाही. ज्यांनी ही चाल पाडली, त्यांनी कधी मोटारसायकल पाहिली नसेल. पण वाटसरू कितीही घाईत असला, तरी त्याला उन्हात थांबविणारे कोणीतरी हवे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. वेगाने जाणाऱ्याने अशा झाडाखाली पाच मिनिटे उतरावे, पेलाभर पाणी प्यावे आणि मागून येणाऱ्यासाठी पेला पुन्हा पालथा घालून ठेवावा.